बाहेरून कडी

ते कुलूप माझ्या हातात यायचं तेव्हा कोमट असायचं. दिवसभर त्यांच्या सदऱ्याच्या खिशात, छातीला लागून राहिलेलं. संध्याकाळी, दिवे लागायच्या थोडं आधी, ते माझ्या जिन्याच्या लोखंडी कठड्यावर एक ठोका द्यायचे. मी खाली उतरायचे. तोवर ते आपल्या खोलीत जाऊन सतरंजीवर बसलेले असायचे. तोंड दाराकडे, हात गुडघ्यांवर, मान ताठ. फोटोसाठी बसवलेल्या माणसासारखे. मी दार ओढायचे, कोयंडा चढवायचे, कुलूप लावायचे आणि त्यांच्याच सांगण्यावरून एकदा हिसका देऊन बघायचे. आतून आवाज यायचा, "लागलं." मग मी वर यायचे. सकाळी उजाडलं की खाली जाऊन उघडायचे.

माझ्या घरमालकांना मी रोज असं कोंडत असे. खोली मिळाली होती तीच ह्या अटीवर.

मी नागपुरात, हुडकेश्वरला नवीन होते. एका खासगी कॉलेजात तासांवर मराठी शिकवायचे. एकट्या बाईला खोली हवी म्हटलं की लोक आधी चहा देत आणि मग नाही म्हणत. ह्यांनी चहा विचारला नाही. अंगणात उभ्या उभ्याच म्हणाले, "वरची खोली आहे. पान्याचा त्रास नाही. भाडं तुमाले परवडन ते द्या. पन एक काम करा लागन, जी."

"काय काम?"

"सांजच्याले मले बाहेरून कुलूप लावा लागन. सकाळी उघडा लागन. मंधात सुट्टी नाही."

मला वाटलं, झोपेत चालायचा आजार असेल. तसं विचारलं. ते म्हणाले, "झोपेत नाही चालत मी. जागेपनीच चालतो." आणि हसले नाहीत. मी दोन दिवस विचार केला आणि सामान घेऊन आले. खरं सांगायचं तर मला त्यात सोयच दिसली. अंधार पडल्यावर घरमालक कुलपात, आणि किल्ली आपल्या उशाखाली! एकट्या बाईला आणखी काय हवं?

माझ्याआधी वर एक रेल्वेतला पोरगा राहायचा. त्यानं काही दिवस कुलूप लावलं आणि एका सकाळी दार उघडून किल्ली तुळशीच्या मातीत खोचून निघून गेला. हे मला शेजारच्या वहिनींनी सांगितलं. "त्याले म्हने आतून दोन मानसं बोलल्यासारखी वाटत होती," त्या म्हणाल्या. मग स्वतःच घाईनं म्हणाल्या, "पन तुमी नका घाबरू वं मॅडम. मानूस लई चांगला आहे."

माणूस चांगला होताच. गल्ली त्यांना डायवरकाका म्हणायची. नागपूर-उमरेड एसटी गाडीवर त्यांचं सगळं आयुष्य गेलं होतं आणि ते आयुष्य त्यांच्या अंगातून काही उतरलं नव्हतं. पायी चालतानाही वळायचं असलं की हात बाहेर काढत. किराणा दुकानात शिरायचं तर आधी डावा हात लांब, मग डावं वळण. गतिरोधक आला की पाऊल हळू. मागून कोणी घाईनं येत असलं तर हातानं "पुढे काढ" अशी खूण. कुठं निघाले तर "जातो" म्हणायचे नाहीत, "सुटतो" म्हणायचे. गल्लीतली पोरं त्यांच्या मागे आगगाडी करून हात काढत चालायची. त्यांना त्याचा राग नव्हता. वळून म्हणायचे, "मांगचा दरवाजा लावला का रे पोट्टेहो?"

ह्या सवयींचं हसू यायचं. दुसऱ्याही काही सवयी होत्या, त्यांचं येत नसे.

त्या घरात एकाही दाराला बाहेरून कडी नव्हती. माझ्या खोलीला नाही, स्वयंपाकघराला नाही, न्हाणीलाही नाही. आधी नसतील असं नाही; चौकटीवर जिथं स्क्रू असतात तिथं बुजवलेली भोकं होती. लांबी भरून, घासून, वरून रंग दिलेला. बोट फिरवलं की कळायचं. बाहेरून बंद होणारं दार घरात एकच, त्यांच्या खोलीचं, तेही कुलपाच्या कोयंड्यानं. खोलीला मागे मोरी होती, एक खिडकी होती आणि खिडकीला बोटाएवढे जाड गज होते. घर जुनं, चौकट जुनी, पण गज नंतरचे. भोवतीचं सिमेंट वेगळ्या रंगाचं दिसायचं.

सतरंजी मोठी होती, दोघांना पुरेल अशी. ते एका कडेला झोपायचे. दुसरी बाजू सकाळी मी दार उघडायचे तेव्हा तशीच्या तशी, एक सुरकुती नाही. दिवा रात्रभर चालू. आणि दार उघडलं की ते उभे राहून म्हणायचे, "हाजिर." हे मला उद्देशून नसायचं. माझ्या खांद्यावरून ते पलीकडे कुठंतरी बघत असायचे. पहिल्यांदा तर मी मागे वळून पाहिलं होतं.

एकदा मी धीर करून विचारलं, "काका, हे कशासाठी?"

"अंधार पडायच्या आत मानूस मोजला गेला पाह्यजे," ते म्हणाले. "मंग काही चिंता नाही राह्यत."

त्यांना एक मुलगा आहे एवढं मला कळलं होतं. बायको तो लहान असतानाच गेली. मुलाचं विचारलं तर वहिनी म्हणायच्या, "तो बाहेर राह्यते," आणि विषय बदलायच्या. महिन्यातून एका सकाळी काका इस्त्रीचा सदरा घालून, कुणाला काही न सांगता कुठंतरी जायचे आणि दुपारी परत यायचे. त्या दिवशी जेवायचे नाहीत. मी ह्या गोष्टी एकमेकींना जोडून पाहिल्या नाहीत. खरं तर त्या जोडायला फार अक्कल लागत नव्हती. पण ज्या माणसाला आपण रोज कोंडतो त्याच्याबद्दल फार कळू नये असं मला वाटत असावं.

मग माझा एक जुना विद्यार्थी आला. आमच्या कॉलेजात असताना शेवटच्या बाकावर बसायचा. आता मुंबईत दिग्दर्शक झाला होता, दाढी वाढवली होती.

"मॅडम, मी पिच्चर करून राहिलो," तो म्हणाला. "क्राइम ड्रामा. बाप आणि पोरगा. पोराच्या हातून खून होते आणि बाप तो लपवते. सगळं आपल्या नागपुरातच. तुम्ही फक्त डायलॉग नागपुरी करून द्या. मुंबईच्या रायटरनं लिहिले, त्याचा बाप पुण्याचा वाटून राहिला."

मी हो म्हटलं. तो संहिता द्यायला घरी आला आणि अंगणातून काकांची खोली त्याला दिसली. सतरंजी, ट्यूबलाइट, गजांची खिडकी, भिंतीवर एकही चित्र नाही. तो उंबऱ्यातच थांबला. "मॅडम," तो हळूच म्हणाला, "हीच खोली."

मला खात्री होती, काका नाही म्हणतील. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "बाप-पोराचं आहे?"

"हो काका."

"घ्या मंग."

चित्रीकरण सुरू झालं. अंगणात तारा पसरल्या, गल्ली फाटकाला चिकटली. बापाचं काम करायला मुंबईचा एक मोठा, भारदस्त नट आला होता. मुलाचं काम करणारा नरखेडकडचा होता, संत्र्याच्या बागायतदाराचा मुलगा. बापाचं न ऐकता नाटकात गेला, तेव्हापासून बापलेकांचं बोलणं बंद होतं. हे त्यानं पहिल्याच दिवशी चहा पिता पिता मला सांगितलं होतं, अगदी सहज, हवापाण्याबद्दल सांगावं तसं.

महत्त्वाचा प्रसंग असा होता: मुलगा पहाटे घरी येतो. शर्टावर रक्त. बाप बघतो, आणि ओरडतो. मुंबईच्या नटानं तालमीत असा आवाज लावला की फाटकावरची पोरं मागे सरकली. सगळ्यांनी माना डोलावल्या. काका प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून पाहत होते. ते उठले.

"येवढ्या जोरानं कोनी ओरडत नाही, जी," ते नटाला म्हणाले.

नट सभ्य होता. "मग काय करतो बाप?"

"आवाज निघतच नाही. तो च्या ठेवते."

"चहा?"

"हो. पोट्टा थंडीतून आलेला राह्यते. केस ओले असते. कुठंतरी नळावर धुतलेले. तो म्हनते, बाबा, च्या ठेवा. बाप ठेवते."

दिग्दर्शक माझ्याकडे बघायला लागला. मी लिहून घेत होते. ते माझं कामच होतं. "मग?" त्यानं विचारलं.

"मंग बाप म्हनते, दूध नाही. आनतो. आन बाहेर येते." काका चालत खोलीबाहेर आले, दार ओढून घेतलं आणि कोयंड्याच्या वर, चौकटीवर जिथं एके काळी कडी असेल तिथं, अंगठ्यानं हळूच दाबलं. "असं. आवाज न करता."

"कडी लावतो? म्हणजे लपवत नाही तो त्याला?"

"नाही."

"कुठं जातो?"

"ठान्यात."

 दिग्दर्शकाचा चेहरा उजळला होता. त्याला त्याचा पिक्चर सापडला होता. "आणि आतून मुलगा काय म्हणतो काका? दार बंद आहे हे कळल्यावर?"

 काकांनी आकाशाकडे पाहिलं. ऊन गच्चीवरून उतरलं होतं. पुढच्या शॉटसाठी दिवे हलवायचे म्हणून सगळे बाहेर होते. खोलीत फक्त नरखेडचा तो नट, खिडकीखाली बसून पाठांतर करत होता. काका आत गेले, सतरंजीवर आपल्या जागी बसले. खिशातून कुलूप काढून माझ्यासमोर धरलं.

"मॅडम, लावा."

"काका, तो आत आहे ना."

"असू द्या."

नटानं मला मानेनं खूण केली, की लावा. त्याला वाटलं असावं, ह्यातून आपल्याला काही मिळेल. मी दार ओढलं आणि कुलूप लावलं. तीसेक माणसं अंगणात उभी होती. जनरेटर बंद होता. आत काका काहीतरी सांगत होते, हळू, एका सुरात. शब्द कळत नव्हते. 

आणि मग दारावर आतून बोटांनी वाजवल्याचा आवाज आला. त्यामागून एक तरुण आवाज, जरा हसरा, झोपेतून उठल्यासारखा:

"बाबा... कडी लागून गेली बाहेरून. चुकून लागली."

माझ्या शेजारी उभी असलेली मेकअपची मुलगी म्हणाली, "काय बोलला यार!" दिग्दर्शक ध्वनीवाल्याला खुणा करत होता, घेतलं का, घेतलं का. मी कुलूप काढलं. नट बाहेर आला.  तो सरळ न्हाणीकडे गेला आणि नळाखाली डोकं धरून बसला. मी टॉवेल घेऊन गेले.

"छान म्हटलंस," मी म्हणाले.

त्यानं वर पाहिलं. "मॅडम, मी तोंडच उघडलं नाही. ते बोलले."

सावकाश त्यानं मला सगळं सांगितलं. काकांचा मुलगा तेव्हा बावीस-तेवीसचा. लग्नाच्या वरातीत भांडण झालं, ह्यानं लोखंडी रॉड घातला आणि समोरचा मुलगा जागीच गेला. तो मुलगा काकांच्या कंडक्टरचा होता. ज्या माणसाच्या घंटीवर काकांनी आयुष्यभर गाडी थांबवली आणि सोडली, त्याचा एकुलता एक. आपला मुलगा ओल्या केसांनी घरी आला तेव्हा काकांना वरातीतली बातमी आधीच कळलेली होती. त्यांनी ह्याच खोलीत स्टोव्हवर चहा ठेवला, बाहेर आले, कडी लावली. आतून तो म्हणाला, चुकून लागली. काका काही न बोलता निघून गेले. पोलिसांना घेऊन आले तेव्हा मुलगा खिडकीखाली बसला होता. चहा गाळून दोन कपांत ओतलेला, वर बश्या झाकलेल्या. बापाची वाट बघत होता.

जन्मठेप झाली. तेव्हापासून जेलमध्ये कैदी कोठडीत बंद होतात त्या वेळेला काका ह्या खोलीत बंद होतात आणि तिथल्या कोठड्या उघडतात तेव्हा बाहेर येतात.

"त्यांना एकच गोष्ट खाते," नट म्हणाला. "की त्याला शेवटपर्यंत वाटलं, कडी चुकून लागली. बापानं लावली असेल असं त्याच्या मनातच आलं नाही."

दुसऱ्या दिवशी तो प्रसंग घेतला. चहा, दूध, कडी, सगळं काकांनी सांगितलं तसं. पण ते वाक्य नट म्हणू शकला नाही. दिग्दर्शकानं पुन्हा पुन्हा घेतलं. तो दारापर्यंत यायचा, बोटं उचलायचा आणि थांबायचा. शेवटी तसंच ठेवलं: बंद दारासमोर उभा मुलगा, मग त्याची नजर खिडकीकडे, आणि गप्प. ध्वनीवाल्यानं आदल्या दिवशीचं धरलेलं ऐकून पाहिलं तर त्यात फक्त अंगणातला कावळा होता. माइक आतल्या बाजूला नव्हताच, त्यात नवल काही नाही. पण युनिटमध्ये त्याची बरीच चर्चा झाली.

त्या दुपारी मी नटाला गल्लीच्या कोपऱ्यावर फोनवर बोलताना पाहिलं. "बाबा, मी बोलून राहिलो," तो म्हणाला.  मग, "नाही, काही काम नाही. संत्र्याले पानी झालं का?"

युनिट निघून गेलं. मी कुलूप लावत राहिले. आता मला कारण माहीत होतं आणि त्यामुळे ते काम हलकं न होता जड झालं. पूर्वी मी हिसका देऊन बघायचे, तो आता हात लावल्यासारखा करायचे. आतून काका म्हणायचे, "बरोबर ओढा, मॅडम."

त्यानंतरच्या हिवाळ्यात काकांचा मुलगा सुटून आला.

मी कॉलेजातून आले तेव्हा पायरीवर एक माणूस बसला होता. कानांवरचे केस पांढरे, मांडीवर कापडी पिशवी. मला बघून तो उठून उभा राहिला, दोन्ही हात मागे. "पानी घेऊ का, जी?" त्यानं विचारलं. त्याचंच घर, त्याचाच माठ. मी म्हटलं, "घ्या ना." मी म्हणेपर्यंत तो जागचा हलला नव्हता. आवाज ओळखीचा वाटला. बारीक, जरा हसरा. वयानं भरडला होता, पण तोच.

त्या संध्याकाळी मला वाटलं, आज ठोका पडणार नाही. पडला. खाली गेले तर दोघं सतरंजीवर शेजारी शेजारी बसलेले. तोंडं दाराकडे, हात गुडघ्यांवर. इतक्या दिवसांत पहिल्यांदा सतरंजीची दुसरी बाजू भरलेली होती.

"आता कशाला, काका?" मी म्हणाले. "आता ते घरी आले."

काकांनी मुलाकडे पाहिलं. मुलगाच बोलला. "लावा, जी. उघड्या दारानं मले झोप नाही येत."

मी लावलं. आतून दोन आवाज आले, एकदमच: "लागलं."

अशा बऱ्याच संध्याकाळी गेल्या. मी एकाऐवजी दोघांना कोंडत होते. ते दिवसा एकमेकांशी फार बोलत नसत. मुलगा अंगण झाडायचा, झाडलेलंच पुन्हा झाडायचा. काका त्याच्याकडे बघत बसायचे. वर्षानुवर्षं महिन्यातून एकदा ते जाळीच्या दोन बाजूंना उभे राहून बोलले होते, आजूबाजूला सगळे आपापल्या माणसांशी ओरडून बोलत असताना. तब्येत, गावचं कोण गेलं, कोणाचं लग्न झालं. ती एक गोष्ट सोडून सगळं. आता जाळी नव्हती आणि ती गोष्ट तशीच होती. रात्री खालून आवाज येत नसे. रेल्वेच्या पोरानं ऐकले होते तसे दोन आवाज ऐकू यावेत असं मलाच वाटायचं.

मग पिक्चर तयार झाला. माझ्या विद्यार्थ्यानं कामाच्या लोकांसाठी सकाळचा एक खेळ ठेवला आणि काकांना न्यायला गाडी पाठवली. काका नको म्हणत होते. मुलगा म्हणाला, "चला न बाबा. आपलं घर दिसन."

अंधारात मी त्या दोघांच्या बाजूला बसले. पडद्यावर आमचं अंगण आलं, जिना आला. मुलगा ओल्या केसांनी आला. बापानं चहा ठेवला. मी पडद्याकडे पाहत नव्हते, काकांकडे पाहत होते. त्यांनी डोळे मिटले होते. मुलाचे उघडे होते. बापानं कडी लावली. आतला मुलगा दारापर्यंत आला, थांबला, त्यानं गजांच्या खिडकीकडे पाहिलं. बाहेर बापाची पावलं लांब लांब गेली. माझ्या मागे कुणीतरी नाक ओढलं.

परत आलो तेव्हा दुपार कलली होती. काका खुर्चीवर बसून चप्पल काढत होते. मुलगा पायरीवर बसला.

"चांगला आहे पिच्चर, जी," तो मला म्हणाला. "एकच चुकलं. खिडकीले गज दाखवले तुमी लोकांनी."

"खिडकीला गज आहेतच की."

"आता आहे. तेव्हा नव्हते. नुसते पल्ले होते. मांगं प्लॉट खाली होता, बाभळी होत्या."

काकांचा हात चपलेवरच राहिला. "तुले दिसली होती खिडकी?"

"खिडकीखालीच तं बसलो होतो, बाबा."

"मंग तू चुकून लागली काहून म्हनला?"

मुलगा अंगणाकडे बघत म्हणाला, "कडी लागली तेवढं ऐकू आलं. मंग तुमच्या चपलेचा आवाज आला नाही. म्हंजे तुमी दाराशीच उभे होते. मले वाटलं, तुमाले जाववून नाही राहिलं. म्हनून म्हनलो, चुकून लागली. म्हटलं, तुमाले वाटन का याले काही समजलंच नाही. मंग तुमी जासान."

काका उठले. एका पायात चप्पल, दुसरा अनवाणी. "मी ठान्यात सरळ नाही गेलो," ते म्हणाले. "उमरेड रोडच्या स्टॉपवर जाऊन बसलो. गाड्या आल्या, गेल्या. मले वाटे, आता उडी मारली असन. आता बाभळीतून गेला असन. आता रोडले लागला असन. पोलिसाले घेऊन येईन तं खोली खाली राहीन." त्यांचा आवाज चढत गेला. मी तो आवाज कधी ऐकला नव्हता. "कडी त्या मेलेल्या पोट्ट्याच्या बापासाठी लावली मी! मले त्याले तोंड दाखवाचं होतं. खिडकी तुह्यासाठी ठेवली होती न बे! पळाला काहून नाही तू?"

शेजारच्या वहिनी भिंतीवरून बघत होत्या.

"च्या उतू जाऊन राहिला होता," मुलगा म्हणाला. "तो बंद केला. गाळला. मंग कुठं जाऊ, बाबा? तुमी गेलेच होते पोलीस आनाले. मी पळून गेलो असतो तं तुमाले त्याच्या बापानं काय म्हटलं असतं? यानंच पळवला म्हटलं असतं."

काका खाली बसले, खुर्चीवर नाही, जमिनीवरच. मुलगा उठून त्यांच्याजवळ गेला नाही. तो तिथंच, पायरीवर बसून राहिला. मी वर निघून आले. वरून मला फक्त दोन डोकी दिसत होती, एक पूर्ण पांढरं, एक कानांपाशी पांढरं. ती बराच वेळ हलली नाहीत. मग काकांनी काहीतरी म्हटलं आणि मुलानं काहीतरी म्हटलं. पुन्हा काकांनी. ते बोलणं मी ऐकलं नाही आणि ऐकायचा प्रयत्नही केला नाही.

ऊन गच्चीवरून उतरलं. मी किल्ली घेऊन बसले. ठोका पडेना. बगळ्यांची रांग उमरेड रोडच्या दिशेनं गेली, गल्लीतले दिवे लागले, तरी ठोका नाही. जिवाचं काही बरंवाईट केलं की काय ह्या विचारानं मी धावत खाली आले.

खोलीचं दार सताड उघडं होतं आणि खोलीत कुणी नव्हतं. काका अंगणाच्या मधोमध उभे होते. दिवेलागणीला ते उघड्यावर उभे असलेले मी पहिल्यांदा पाहत होते. हात कुठं ठेवावेत हे त्यांना समजत नव्हतं. कधी मागे, कधी खिशात. मोटारसायकलींचे दिवे भिंतीवरून सरकत होते आणि प्रत्येक वेळी ते डोळे बारीक करत होते.

"मॅडम," ते म्हणाले, "या टायमाले लोकं काय करते, जी?"

ते खरंच विचारत होते. 

"कोणी फिरायला जातात, काका. कोणी टीव्ही बघतात. भाजी आणतात."

त्यांनी तिन्हींचा विचार केला. मग मुलाकडे वळून म्हणाले, "भाजी?"

मुलानं स्वयंपाकघरातून पिशवी आणली. दोघं फाटकातून बाहेर पडले. काकांनी डावा हात बाहेर काढला, मग वळले. त्यांच्यामागून, एक पाऊल सोडून, मुलगा.

बाजार गल्लीच्या तोंडाशीच आहे, माणूस पंधरा-वीस मिनिटांत जाऊन येतो. हे दोघं येईनात. मी फाटकात उभी राहिले, वहिनीही येऊन उभ्या राहिल्या. बऱ्याच वेळानं ते दिसले. पिशवी फाटायला आली होती. काकांच्या दोन्ही काखांत मेथीच्या जुड्या, मुलाच्या खांद्यावर एक मोठं कोहळं, हातात कोथिंबिरीची पेंढी. दोन माणसांना आठवडाभर संपणार नाही एवढी भाजी.

"येवढी काहून आनली वं बाई!" वहिनी म्हणाल्या.

काका दमले होते. जुड्या त्यांनी पायरीवर ठेवल्या आणि माझ्याकडे पाहून, जरा ओशाळून म्हणाले,

"भाजीवाले सगळेच आवाज देऊन राहिले होते, जी. मले वाटलं, मलेच बोलावून राहिले."